ऐरोली ते वाशी होडीने: घड्याळ नको, तिथी बघा

सकाळी सातला ऐरोलीहून स्वतःची होडी काढून वाशी गाठायची आणि संध्याकाळी परत, असा बेत कुणी मांडला, तर तो ऐकायला छान वाटतो. पण सातच का? ठाणे खाडीत वेळ ठरवते भरती, आणि ती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. खाडीचं तोंड दक्षिणेला. म्हणजे भरती पूर्ण झाली की निघा, ओहोटीचं पाणीच वाशीकडे नेईल. पुढच्या भरतीबरोबर परत या. मधल्या पाण्यातून चला. काठाच्या चिखलात होडी रुतली तर पाच-सहा तास तिवरांतले डास मोजत बसायचं! अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ कमी.

शिवाय ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधला खाडीचा पश्चिमेचा पट्टा 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वनखात्याला विचारल्याशिवाय तिकडे वळू नका. नुसते रोहितच (फ्लेमिंगो) बघायचे तर ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राची बोट बरी. तीही भरती बघूनच सुटते.

स्वतः होडी हाकायची हौस असेल तर मी घोडबंदरकडे जाईन. गायमुख, नागला बंदर, उल्हास नदीचं रुंद पाणी, बाजूला येऊरचे डोंगर. फक्त तिथला एखादा कोळीदादा सोबत हवा.