प्रति: चुंबकाने वायर तपासणे

वर कुणीतरी लिहिलंय की चुंबक चिकटला नाही म्हणजे वायर तांब्याचीच. नाही हो भाऊ, अ‍ॅल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर या परीक्षेत आरामात पास होते. एक तार ब्लेडने खरवडा; आतून पांढरी निघाली तर बंडल सरळ इतवारी बाजारात दुकानदाराला परत.

वजनही बोलतं. २.५ स्क्वेअर एमएमच्या ९० मीटर बंडलात नुसतं तांबंच साधारण २ किलो असायला हवं. वरच्या पीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) आवरणावरून जाडी ठरवू नका, स्वस्त वायरीत तेच जाड असतं.

खरा निकाल रेझिस्टन्सचा, म्हणजे तार विजेला किती विरोध करते त्याचा. आयएस ८१३० या भारतीय मानकानुसार २० अंशांना २.५ च्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स किलोमीटरला ७.९८ ओहमपेक्षा जास्त नको, १.५ चा १३.३ पेक्षा. म्हणजे २.५ चं अख्खं बंडल ०.७२ ओहमच्या आत. साध्या मल्टिमीटरवर इतकं कमी नीट दिसत नाही, त्याच्या प्रोबचाच रेझिस्टन्स मध्ये येतो. त्यापेक्षा १२ व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा बल्ब आणि बंडल सिरीजमध्ये (एकापुढे एक) जोडा. बंडलाच्या दोन टोकांमधले व्होल्ट भागिले त्यातून वाहणारे अँपिअर म्हणजे रेझिस्टन्स, झालं. (घरच्या २३० व्होल्टवर हा उद्योग करू नका.)

फक्त आपल्या नागपुरी मे महिन्यात ४५ अंशांना मोजाल तर तांब्याचा आकडा दहाएक टक्के वाढतो. तेव्हा ०.७८ आलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका; १.१ आलं तर मात्र जरूर जा.