बाळासाठी गोधडी शिवते आहे, जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार. मला सातवा महिना सुरू आहे. बाळ जन्मण्याआधी नवे कपडे आणू नयेत, अशी आमच्या घरची रीत असल्यामुळे आजीच्या वापरून मऊ झालेल्या सुती नऊवारीची गोधडी हाताने शिवायला घेतली आहे. नऊ वार म्हणजे साधारण ८ मीटर कापड. त्यातला विरलेला भाग बाजूला ठेवून मीटरभर लांबीचे तीन थर सहज निघाले आणि हिरवे काठ चारही बाजूंना लावता येतील एवढे उरले. दुपारी खिडकीपाशी बसून दोन ओळी धावदोरा घातला, की बाळ हमखास हालचाल करते. दिवसभरातली ती वेळ मला फार प्रिय झाली आहे.

अडचण अशी आहे, की कडेकडून आत टाके घालत गेल्यावर मधला थर सरकतो आणि मधोमध चुण्या गोळा होतात. आधी कच्चे टाके घालून तिन्ही थर पक्के करावेत, की मधूनच शिवायला सुरुवात करावी? बाळाच्या अंगाखाली घालायची असल्याने दोऱ्याच्या गाठी टोचू नयेत म्हणून त्या कुठे लपवाव्यात? शिवाय अर्ध्या तासात माझ्या उजव्या हाताला मुंग्या येतात. डॉक्टरांना पुढच्या तपासणीत विचारणारच आहे. तोवर ज्यांनी गरोदरपणात असे शिवणकाम केले आहे, त्यांनी बसण्याची आणि सुई धरण्याची आपली पद्धत कृपया सविस्तर सांगावी.