सांदण पावसाळ्यातही खुली ठेवा म्हणणाऱ्यांसाठी

घाटवाटा_वेडा
'सांदण पावसाळ्यात बंद ठेवणं हा सरकारी आळस आहे, दोर आणि हेल्मेट असेल तर सोडा' अशी पोस्ट परवापासून सगळ्या ग्रुपांवर फिरतेय. सोबतचे फोटो भर उन्हाळ्यातले, कोरड्या धोंड्यांचे. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

सांदण दरी म्हणजे नगर जिल्ह्यातल्या साम्रद गावाच्या पठाराला पडलेली भेग. आत दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, काही ठिकाणी हात पसरले की दोन्हीकडे टेकतात. वर पठारावर कोसळलेलं पाणी याच भेगेतून कोकणात उतरतं. तुमच्या डोक्यावर थेंबही नसताना वर सर आली की लोंढा येतो, आणि बाजूला व्हायला जागाच नाही. तिथे दोर काय कामाचा?

सह्यभटक्या
साफ अमान्य. जगभर कॅन्यनिंग, म्हणजे दोर लावून अशा अरुंद दऱ्या उतरणं, वाहत्या पाण्यातच करतात. आपल्याकडे एक अपघात झाला की जिल्हाधिकाऱ्यांचा मनाई आदेश निघतो. देवकुंड धबधब्याचंही तेच. रील काढणाऱ्यांमुळे प्रशिक्षित माणसाने चार महिने घरी का बसायचं?

घाटवाटा_वेडा
ते कॅन्यनिंगवाले वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा अंदाज बघून उतरतात, शंका आली तर माघारी फिरतात. शेजारचं घाटघर म्हणजे नगर जिल्ह्याची चेरापुंजी. जुलैत तिथे कोरडा दिवस कुठून आणणार? 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ती जागा तर उघडी होती, काठ जवळ होता. सांदणला काठच नाही.

आवणीवाला
माझं घर याच पट्ट्यात आहे. कुणी अडकलं की आवणी (भातलावणी) टाकून आमचीच पोरं दोर घेऊन धावतात, त्यामुळे बंदी बरोबरच आहे. पण आमचं खरं दुखणं वेगळंय. मेअखेरीस काजव्यांच्या दिवसांत शनिवारी रात्री या आणि बघा. घाटात गाड्यांची रांग, हेडलाइट फुल्ल, सादड्याच्या झाडाखाली चटया टाकून स्पीकर लावलेले. बाटलीत काजवे भरताना पाहिलीत पोरं मी.

मीनल_ठाणे
पण दादा, त्याच दिवसांत गावाला चार पैसे मिळतात ना?

आवणीवाला
जे घरात उतरतात त्यांचे मिळतात ताई. बसने बॅच येते ती बिस्किटांपासून पाण्यापर्यंत सगळं शहरातून आणते आणि रिकाम्या बाटल्या इथे टाकून जाते.

रानकंदील
बंदी घालायचीच तर या रात्रींवर घाला. काजव्यांची चमक म्हणजे जोडीदाराला हाक असते. त्यावर टॉर्च मारला की ती हाक पोचतच नाही. अंडी आणि अळ्या झाडाखालच्या ओल्या मातीत असतात, अळ्या गोगलगायी खाऊन वाढतात. चटई टाकता तिथेच पुढच्या वर्षीचे काजवे चिरडता. दरीत उतरणारा स्वतःचा जीव धोक्यात घालतो, इथे अख्खी पिढी जाते.

सह्यभटक्या
मी बॅच नेतो, मलाही बोलू द्या. टॉर्चला लाल कागद लावायला लावतो, झाडापासून लांब थांबवतो. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

रानकंदील
लाल कागद लावलेली पन्नास माणसं झाली तरी पायांनी माती तुडवतातच. लहान बॅच नेली तर नफा बसत नाही, हे सरळ सांगा की.

सह्यभटक्या
तोंड सांभाळून! माझा हिशेब तुम्ही पाहिलाय का?

मीनल_ठाणे
भांडू नका, धागा सांदणचा आहे.

सह्यभटक्या
बरं, जुलै-ऑगस्टची बंदी मान्य, तीही आवणीवाले दादा म्हणतात म्हणून. पण दरी खुली झाल्यावर पहिल्याच रविवारी छातीभर पाण्यात पोरंटोरं उतरतात, त्याचं काय? तारखेपेक्षा पाणी बघून ठरवायला हवं.

आवणीवाला
हे पटलं. गावात विचारा, डोहात काठी घालून आम्ही खोली सांगतो. दिवाळीनंतर पाणी ओसरायला लागतं. रॅपलिंग करून खाली उतरायचं आणि करोली घाटाने परत यायचं असेल तर उजाडताच निघा. दुपारी बाराला दरीच्या तोंडाशी येऊन 'होईल ना?' विचारणाऱ्यांना आम्ही नाहीच म्हणतो.

रानकंदील
आणि काजव्यांचं? माणसांचा आकडा किती ठेवणार, ते बॅच नेणाऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही.