गोसीखुर्दच्या पाण्याभोवती चार दिवस, दोन गाड्या: मार्ग आणि तयारीबद्दल विचारायचं आहे

गिरड_रस्ता
डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझा मित्र गोसीखुर्द जलाशयाला दुचाकीने फेरी मारायचं ठरवतोय. चार दिवस, तीन मुक्काम. गाड्या दोन: एक शाईन 125, ट्यूबलेस टायर, दुसरी क्लासिक 350, तारेची चाकं म्हणजे ट्यूबवाली. समुद्रपूरकडून गिरडमार्गे उमरेडला येऊ. पुढचं विचारतो:
फेरी कोणत्या बाजूने घ्यावी? नकाशात पाण्याला लागून बरेच बारीक रस्ते दिसतात, त्यांवरून जाता येतं का? वेळ उरत असेल तर नवेगावबांध जोडावं का? आणि क्लासिकची ट्यूब रस्त्यात पंक्चर झाली तर सोबत काय काय हवं?

वैनगंगाकाठ
भाऊ, आधी नकाशाचं सांगतो, कारण इथे नवा माणूस हमखास फसतो.

या धरणाची पूर्ण साठ्याची पातळी 245.500 मीटर आहे, पण पाणी एकदम तिथवर नेलं नाही. पुनर्वसन होत गेलं तसं टप्प्याटप्प्याने चढवलं. त्यामुळे नकाशात दिसणारे बरेच बारीक रस्ते आता थेट पाण्यात उतरतात. डांबर, मैलाचा दगड, विजेचा खांब सगळं दिसतं आणि पुढे पाणी. पावसाळ्यानंतर साठा भरलेला असतो, म्हणून डिसेंबरात असे रस्ते जास्तच सापडतील. दुसरी फसगत गावांच्या नावांची. उठवलेल्या गावाचं नवीन गावठाण त्याच नावाने दुसरीकडे वसलेलं असतं, आणि फोन कधी जुन्या जागेकडे वळवतो, कधी नव्या. म्हणून गावात विचारताना नुसतं गावाचं नाव घेऊ नका, "नवीन गावठाण का जुनं?" असं विचारा. आणि "रस्ता आहे का" पेक्षा "आज तिकडून गाडी आली का" हा प्रश्न जास्त कामाचा. रस्ता तर असतोच, प्रश्न तो पाण्याबाहेर आहे का एवढाच.

पाण्याला चिकटून पूर्ण फेरी होत नाही. फेरी होते ती अशी: उमरेड, कुही, वेलतूर, अंभोरा, पूल ओलांडून भंडारा, तिथून कारधा, पहेला, अड्याळ, पवनी, मग गोसीखुर्द धरण, आणि निलज फाट्यावरून भिवापूर, उमरेड. ह्याच दिशेने घ्या. अंभोऱ्याला दुपारच्या आत पोचता, संगमावर दोन तास मिळतात आणि भंडाऱ्याला उजेडात शिरता. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा, कोलारी अशा पाच नद्या तिथे मिळतात. केबलवर तोललेला मोठा पूल 2024 पासून सुरू आहे, म्हणून ही फेरी आता सलग जमते. पूल नव्हता तेव्हा इथून नावेनेच पलीकडे जावं लागे.

पाण्याजवळ जायचंच असेल तर मुख्य रस्त्यावरून एखादा फाटा घ्या, पाणी बघा आणि त्याच वाटेने परत या. काठाकाठाने पुढच्या गावाला निघू हा विचार नको. साठा उतरत जातो तसा काठावर गाळ उघडा पडतो. वरून वाळून पापुद्रा धरलेला, खाली लोण्यासारखा. क्लासिक 195 किलोची आहे, सामानासकट मागचं चाक एक्सलपर्यंत रुतलं तर दोघांच्याने निघत नाही.

जलाशयाचं पाणी पिऊ नका, भांडीही धुऊ नका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच साठ्यात येतं. जलकुंभीचे पट्टे दिसतील ते त्यामुळेच. एवढ्या सुंदर पाण्याचं हे व्हावं याचं वाईट वाटतं.

पाना_14_15
मी फक्त गाड्यांचं सांगतो.

पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्याने होईल. शाईनला सोपं आहे: भोक साफ करायचा रीमर, वात आत ढकलायची सुई, रबराच्या वाती पाच-सहा, चिकटवणाचं ट्यूब आणि हवेचा पंप. काटा ज्या कोनात शिरला त्याच कोनात रीमर फिरवा, वात दोन-तृतीयांश आत ढकला, सुई झटक्यात बाहेर ओढा. टायरच्या बाजूच्या भिंतीला छेद असेल तर वात धरत नाही, तिथे खटपट करू नका.

क्लासिकला वेळ लागतो. मागची ट्यूब 18 इंची, पुढची 19, दोन्ही सोबत ठेवा. टायर काढायच्या दोन टामी, पॅच, सोल्युशन, घासकागद, व्हॉल्व्हची किल्ली, आणि मागच्या एक्सलच्या नटाला बसणारा पाना. हा पाना घरीच लावून नट एकदा सैल करून बघा. गॅरेजवाल्याने लांब दांड्याने आवळलेला नट गाडीच्या किटमधल्या पान्याला दाद देत नाही, आणि हे रस्त्यावर कळून उपयोग नाही.

टायर काढताना हवा पूर्ण सोडा. ज्या बाजूला टामी लावणार त्याच्या समोरच्या बाजूची टायरची कड पायाने दाबून रिमच्या मधल्या खोल गाळ्यात ढकला, तरच इकडे ढील मिळतो. हे न करता नुसता जोर लावला की टामी वाकते नाहीतर ट्यूब चिमटते. ट्यूब बाहेर आली की टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट फिरवू नका. काट्याचं टोक आत मोडून राहिलेलं असतं, फडकं तिथे अडकतं. ते पकडीने काढलं नाही तर नवी ट्यूबही थोड्याच अंतरावर बसते. दुसऱ्यांदा पंक्चर होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. नवी ट्यूब घालताना तिला आकार येईल एवढी थोडी हवा भरा, म्हणजे पीळ पडत नाही आणि टामीखाली येत नाही. टायर बसवताना शेवटची कड व्हॉल्व्हजवळ येऊ द्या.

हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरवर. सांगितलं नाही तर पंक्चरवाला अंदाजाने भरून देतो, आणि जास्त हवेची गाडी गिट्टीवर उड्या मारते.

क्लच केबल: दोन्ही गाड्यांना नवी केबल जुनीच्या शेजारून, त्याच मार्गाने टाकून ठेवा, टोकं चिकटपट्टीने बंद करा. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, पंधरा मिनिटांचं काम. केबल तुटते ती लिव्हरच्या गुंडीजवळ. तिथली एखादी तार सुटलेली दिसली तर निघण्याआधीच बदला.

चेनचा ढील सामान बांधल्यावर, गाडीवर बसून तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन ओझ्याखाली ताणते. चाक फिरवत चार ठिकाणी बघा, जिथे सर्वात घट्ट तिथला ढील धरा. बाकी फ्यूज, प्लग, चार-सहा प्लास्टिकचे पट्टे आणि इन्सुलेशन टेप.

अजून एक. गिअर टाकला की गाडी बंद पडायला लागली तर इंजिन उघडायला धावू नका. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल भरलेला असतो. पाण्याने धुवा, स्टँड चार वेळा वर-खाली करा.

बांधीवरून
दोघांनीही चांगलं सांगितलं. पण डिसेंबर म्हणजे धानाचा हंगाम, त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

भारी (उशिरा पिकणारा) धान तेव्हा नुकताच निघालेला असतो. अड्याळ, पवनी, लाखांदूर या पट्ट्यात चुरणे (धानाची मळणी) चालू असतात. डांबरावर धान वाळत घातलेला, नाहीतर तणस (धानाचा पेंढा) सांडलेली. दव पडलेल्या तणसीवर पुढचा ब्रेक लावला की चाक निसटतं. लांबूनच वेग उतरवा, तणसीवर ब्रेकही नको आणि वळणही नको, सरळ पार व्हा. वाळत घातलेल्या धानावरून गाडी घालू नका. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक आहे ते. कडेने पायाच्या वेगात जा. तणसीतून गेल्यावर थांबून सायलेन्सरचा बेंड पाइप आणि मागचं स्प्रॉकेट बघा. क्लासिकच्या बेंड पाइपला कोरडी तणस चिकटली तर धुमसायला लागते.

वेळेचं गणित कडक ठेवा. साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून पाचला मुक्कामाच्या गावात. अंधारात उसाच्या आणि धानाच्या ट्रॉल्यांना मागचा लाल दिवा असेलच असं नाही. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर अंधार पडताच रस्त्यावर येतात. रानडुकरांचा कळप असतो, एक गेलं म्हणून गाडी पुढे काढू नका. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या कडेचे रस्ते तर सूर्य असतानाच संपवा, तिथे वाघ आहे. आणि रात्री कशासाठीही धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) शेतात शिरू नका. डुकरांसाठी तारेत करंट सोडलेला असू शकतो, माणसं मेलेली आहेत त्याने.

सकाळी नदीकाठी धुकं असतं. आठच्या आधी निघण्यात अर्थ नाही.

अवकाळी पाऊस झालाच तर पांदण रस्ते सोडून द्या. कुहीकडची काळी माती आणि इकडची कन्हार (भारी चिकण जमीन), दोन्ही मडगार्ड आणि टायरच्या मध्ये भरत जातात आणि पुढचं चाक जागीच जाम होतं. काडीने कोरून काढावं लागतं आणि शंभर पावलांवर पुन्हा तेच. खरडी (हलक्या) जमिनीवर इतका त्रास नाही.

गिरड_रस्ता
सगळ्यांचे आभार. केबलचं आजच करून घेतो. आता नवेगावबांधचं सांगा. तिसरा दिवस तिकडे द्यावा म्हणतो. आणि धरणाच्या भिंतीवर गाडी नेता येते का?

वैनगंगाकाठ
भिंतीवर परस्पर गाडी घालू नका. चौकीवर विचारा, नाही म्हणाले तर खाली लावा. 33 दरवाजे खालून, लांबूनच चांगले दिसतात.

नवेगावबांधला जा, पण एका दिवसात जाऊन-येऊन नको. असं बसवा: पहिला मुक्काम भंडारा, दुसरा पवनी, तिसरा नवेगावबांध. भंडारा ते पवनी पन्नास किमीच्या आतबाहेर आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी हाताशी वेळच वेळ आहे. पाण्याचे फाटे त्या दिवशी बघा. पवनीत जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खननात बौद्ध स्तूप सापडला, तो पाय मोकळे करायला चांगला. तिसऱ्या दिवशी सकाळी धरण, मग लाखांदूर, अर्जुनी मोरगाव, नवेगावबांध.

झाडीतला_तलाव
माझं मत थोडं वेगळं. तिसऱ्या दिवशी धरणाला जास्त वेळ देऊ नका, दुपारी दोनच्या आत नवेगावबांध गाठा. हिवाळी बदकं बघायला तिरपं ऊन लागतं. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव आहे. डोंगरांच्या मधल्या फटी नेमक्या कुठे बुजवल्या हे बांधावर उभं राहिलं की समजतं. वाटेत बोड्या (लहान तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव लागतील, तिथेही गाडी बंद करून पाच मिनिटं थांबा. जंगलातल्या सफारीत दुचाकी चालत नाही.

चौथा दिवस मोठा आहे: इटियाडोह धरण, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड, गिरड. इथे मात्र सातला निघा, धुकं असलं तर हळू. इटियाडोहला अर्ध्या तासापेक्षा जास्त थांबू नका. तिथून गोठणगावकडे तिबेटी लोकांची वसाहत आहे, वेळ असेल तरच. या दिवसाची एक सोय अशी की अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड ही चारही गावं गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहेत. एक गाडी पारच बसली तर ती गावातल्या मेकॅनिककडे ठेवून माणूस परत येऊ शकतो. मध्ये जंगलात बसली तर रिकामी परतणारी पिकअप थांबवा, दोरीने ओढत नेऊ नका. दुचाकीला दोरी बांधली की पुढचा वळला तेव्हा मागचा पडतो.

शाईन पुढे, क्लासिक मागे ठेवा. उलट केलं तर शाईनवाला दिवसभर गाडी ताणत राहतो. प्रत्येक फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं, रेंज नसली तरी चुकामूक होत नाही.

पाना_14_15
आणि क्लासिकच्या साइड स्टँडखाली ठेवायला तळहाताएवढा जाड फळीचा तुकडा घ्या. बांधीच्या (धानाच्या शेताच्या) कडेला मऊ जमिनीत स्टँड रुतून गाडी पडते आणि क्लच लिव्हर मोडतो. एक जादा लिव्हरही घ्याच.

गिरड_रस्ता
पवनीला लॉज मिळेल का, की विश्रामगृह बघू?

वैनगंगाकाठ
लॉज आधी फोनवर पक्कं करा. विश्रामगृहावर अवलंबून राहू नका, साहेब आले की बुकिंग रद्द होतं. त्यात डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन असतं, तेव्हा आसपासच्या जिल्ह्यांतही साहेबांची ये-जा वाढते. गाड्या आत आवारात लावता येतील का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.