पेलेटच्या शेगडीत राखेचे खडे का होतात?

प्रश्न : आमच्याकडे पेलेटवर, म्हणजे भुसा-काडीकचरा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर, चालणारी पंख्याची शेगडी आहे. लाकडाच्या भुशाच्या पेलेटवर ती उत्तम चालत असे. पण पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि सोयाबीनच्या कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुसकटाच्या) पेलेट आणल्यापासून अर्ध्या तासात जाळीवर काचेसारखे कडक खडे जमतात, ज्योत पिवळी पडते आणि पातेल्याचे बूड काळे होते. दोष शेगडीचा की इंधनाचा?

उत्तर १ : इंधनाचा. राखेत सिलिका (वाळूतला मुख्य घटक) असते. निव्वळ सिलिका वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सिअस लागतात. मात्र पिकांच्या अवशेषांतील पालाश (पोटॅशियमचे क्षार) तिच्यात मिसळला की ते मिश्रण हजार अंशांच्या आतच वितळते आणि निवल्यावर विटभट्टीतल्या खंगरासारखे घट्ट होते. त्यामुळे जाळीची भोके बुजून हवा अडते, काजळी त्याचीच. भाताच्या तुसात राख १५ ते २० टक्के असते, पण पालाश कमी. म्हणून ती सहसा वितळत नाही, नुसती साचते. राख काढून काढून हात दुखतात, हे अनुभवाने सांगतो.

उत्तर २ : उसाच्या चिपाडाच्या पेलेट मिळाल्यास पाहा. कारखान्यात रस काढताना चिपाडावर पाणी मारले जाते, त्यात बराचसा पालाश धुऊन जातो. पऱ्हाटीही एक-दोन पाऊस खाऊन, पुन्हा वाळवून वापरलेली बरी. पेलेट मात्र कधीही भिजवू नका. तिचा लगदा होतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. तूर्तास निम्म्या भुशाच्या पेलेट मिसळतो आणि जाळी रोज खरवडतो.