स्विंग-आउट स्टेपनी कॅरिअर: पिन, बुश आणि क्लॅम्प पुरतील का?

खडकवाट

मागच्या बंपरवर बाजूला उघडणारा स्टेपनी कॅरिअर करायचा आहे. आराखडा कागदावर तयार आहे, लोखंड कापण्याआधी जाणकारांनी नजर टाकावी.

चाक ३३ इंची, रिमसकट ४२ किलो. आर्म ५०×५०×३ मिमी चौकोनी नळीचा, बिजागरीच्या मध्यापासून टोकापर्यंत ११५० मिमी, पट्ट्या धरून वजन १४ किलो. चाकाचा मध्य ५०० मिमीवर. त्याच्या पलीकडे, १०३० मिमीवर, जेरीकॅन, भरलेला २० किलो. बिजागरीला २५ मिमीची साधी एमएस (माइल्ड स्टील) पिन आणि एकमेकांपासून ६० मिमीवर दोन पितळी बुश (पिनभोवती बसणाऱ्या नळ्या). दुसऱ्या टोकाला ओढून बसणारा टॉगल क्लॅम्प. बंपर ३ मिमी पत्र्याचा, सी आकारात वाकवलेला, आतल्या बाजूने उघडा. मागचं दार बाजूला उघडतं, त्याच्या बिजागऱ्या उजवीकडे.

पिन पुरेल का? बुश ठेवू की बेअरिंग घालू? आणि बंद असताना एकटा क्लॅम्प सगळं धरेल का?

मोजपट्टी

आधी पिन, कारण ती नक्की वाकणार आहे.

आर्म पूर्ण उघडा असताना बिजागरीवर येणारा मोमेंट (वाकवणारा जोर, म्हणजे भार गुणिले बिजागरीपासूनचं अंतर): चाकाचा साधारण २०६ न्यूटन-मीटर, जेरीकॅनचा २०२, आर्मचा स्वतःचा ६९. एकूण ४७७. कॅन चाकाच्या निम्म्याहून कमी वजनाचा, पण टोकाला बसल्यामुळे चाकाइतकाच भारी पडतोय. तो आर्मवरून काढला तर ४७७ चे २७५ होतात. आराखड्यात यापेक्षा स्वस्त सुधारणा दुसरी नाही. बिजागरीकडे सरकवायला जागा नाही, कारण ३३ इंची टायर ८० मिमीपासून ९२० मिमीपर्यंत सगळं व्यापतो. कॅन हवाच असेल तर बंपरच्या दुसऱ्या बाजूला वेगळा छोटा आर्म करा.

आता पिन. २५ मिमी गोल पिनवर ४७७ न्यूटन-मीटर म्हणजे ताण साधारण ३१० मेगापास्कल. साधं एमएस २५० च्या आसपास कायमचं वाकतं. म्हणजे गाडी उभी, आर्म उघडा, कोणी हातसुद्धा लावलेला नाही, तरी पिन वाकली. व्यास ३५ मिमी केला की तोच ताण ११३ वर येतो, कारण ताकद व्यासाच्या घनाने वाढते. दहा मिमी जाडीत जवळजवळ पावणेतीनपट फरक. म्हणून ३५ च्या खाली जाऊ नका.

आर्मची नळी ताणाच्या हिशेबात पास आहे, पण लवचिक आहे. पूर्ण भाराखाली टोक फक्त नळी वाकल्यामुळे ४ मिमीच्या आसपास खाली येईल. ६०×६०×४ घेतली तर ते २ मिमीच्या आत राहतं.

लोहारकी

मोजपट्टी यांच्या हिशेबात बुशांमधलं अंतर जोडा. ४७७ न्यूटन-मीटर ६० मिमी अंतरात पेलायचं तर वरचा आणि खालचा बुश प्रत्येकी आठशे किलोच्या जोराने विरुद्ध दिशांना दाबला जातो. अंतर १२० केलं की तो चारशेवर येतो. शिवाय खेळ बघा. बुशात ०.२ मिमी खेळ असेल तर ६० मिमी अंतरावर आर्मचं टोक ३.८ मिमी लटकतं, १२० वर १.९. पितळ एका बाजूनेच घासलं जातं, खेळ ०.५ व्हायला वेळ लागत नाही, आणि मग क्लॅम्पचा हुक जागेवर पोचत नाही. लोक क्लॅम्पला दोष देतात, खरं दुखणं बिजागरीत असतं.

टेपर रोलर (तिरक्या रोलरांचं) बेअरिंग घाला. ३२००७ हा नंबर सहज मिळतो: आतला व्यास ३५, बाहेरचा ६२, जाडी १८ मिमी. दोन घ्यायचे, तोंडं एकमेकांविरुद्ध, मधे १२० मिमी. टेपरचा फायदा असा की खेळ वाढला तर वरचा नट थोडा आवळून काढून टाकता येतो. बुशात तो उपाय नाही. इथे चाकासारखं फिरणं नाही, म्हणून नट आवळून मागे सोडायचा नाही. खेळ शून्य आणि आर्म हाताने किंचित जड फिरेल इतका ठेवा, मग कॉटर पिन. खाली ऑइल सील, वर टोपी. ग्रीस निपल लावलात तर ग्रीसला बाहेर पडायला वाट ठेवा, नाहीतर ग्रीस गन सीलच ढकलून बाहेर काढते.

बेअरिंगचं घर (बेअरिंग जिच्यात बसतं ती नळी) वेल्डिंगनंतर बोअर करा, आधी नाही. वेल्डच्या उष्णतेने ६२ मिमीचं भोक अंडाकृती होतं, मग बाहेरची रिंग एका बाजूला ढिली आणि दुसऱ्या बाजूला अडकलेली. अख्खा आर्म लेथवर फिरवता येत नाही, म्हणून घराला आर्मचा १०० मिमी तुकडाच आधी वेल्ड करायचा, तो बोअर करून घ्यायचा आणि उरलेला आर्म नंतर जोडायचा. दुसरा जोड बोअरपासून लांब असतो, उष्णता तिथे पोचत नाही.

स्पिंडलला, म्हणजे बिजागरीच्या जाड पिनला, पायरी असेल तिथे कोपरा तीक्ष्ण ठेवू नका, २ मिमी गोलाई ठेवा. चीर नेहमी त्या कोपऱ्यातून सुरू होते.

जाडपत्रा

बुश टाकाऊ नाही हं. कॅन काढलेला, बुशांत १५० मिमी अंतर, फॉस्फर ब्राँझ, आणि वजन पेलायला खाली वेगळा थ्रस्ट वॉशर, एवढं असेल तर वर्षानुवर्षं चालतो. चिखलपाण्यात तो जाम झाला तरी ठोकून सोडवता येतो. पण ६० मिमी अंतरावर नको, याबद्दल लोहारकींशी सहमत.

माझी खरी काळजी बंपर आहे. आर्म बंद असताना भार बंपरला खाली वाकवतो. आर्म ९० अंश उघडला की तोच भार बंपरला त्याच्या लांबीभोवती पिळतो. उघडा सी आकार पिळाला जवळपास विरोधच करत नाही. पुठ्ठ्याचा खोका झाकण उघडून पिळून बघा आणि मग चिकटपट्टीने बंद करून पिळा. पत्रा ३ चा ५ केल्याने हे सुटत नाही. बिजागरीपासून चासीच्या रेलपर्यंतचा भाग आतून पट्टी मारून बंद पेटी करा. स्पिंडल वरच्या प्लेटवर नुसतं उभं करून वेल्ड करू नका. वरची आणि खालची, दोन्ही १० मिमी प्लेटांतून आरपार न्या आणि दोन्हीकडे वेल्ड घ्या. प्लेटांत किमान १०० मिमी अंतर.

आता क्लॅम्प. नाही, एकटा पुरणार नाही. क्लॅम्पचं काम आर्म आत ओढून धरणं, वजन उचलणं नव्हे. वजनासाठी टोकाखाली पाळणा हवा: बंपरवर स्टीलचा उतार, वर नायलॉनचा ठोकळा, दोन्ही बाजूंना आर्म वरखाली उडू नये म्हणून ओठ. आर्म बंद होताना उतारावर चढून ५-६ मिमी उचलला गेला पाहिजे, म्हणजे चाक नसताना तो ज्या उंचीवर होता तिथे परत. एवढं केलंत की बिजागरीवरचा मोमेंट ४७७ वरून सव्वाशेच्या आत येतो. खड्ड्यात धक्का तिप्पट धरला तरी उघड्या स्थितीपेक्षा कमीच. पाळणा नसेल तर तिप्पट म्हणजे चौदाशेच्या वर, आणि तेही प्रत्येक खड्ड्याला.

क्लॅम्पसमोर रबरी ठोकळा ठेवा, बंद केल्यावर ३ मिमी दबेल असा. खडखडाट येतो तो दाब नसल्यामुळे, आणि खडखडणारा कॅरिअर चिरतोच. हँडलला आडवी सेफ्टी पिन लावा, हादऱ्याने टॉगल उघडू शकतो.

खडकवाट

कॅन आर्मवरून काढला. नळी ६०×६०×४, स्पिंडल ३५, दोन ३२००७, बंपर पेटी, पाळणा, सगळं आराखड्यात घेतलं. दोन गोष्टी राहिल्या. चाक धरणारा उभा खांब आर्मला कसा जोडू? आणि उघडल्यावर आर्म कुठे थांबवू?

मोजपट्टी

खांबाचा जोड ही सगळ्यात जास्त चिरणारी जागा. चाकाचा भार आर्मच्या मागे आणि वर असतो, म्हणून खांब आर्मला सतत पिळत राहतो. खांब आर्मवर नुसता ठेवून वेल्ड केला तर आर्मची वरची भिंत एकटीच सगळं सोसते. दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या त्रिकोणी पट्ट्या घाला, आणि त्या आर्मच्या बाजूच्या भिंतींवर उतरू द्या. पट्टीचं टोक नळीच्या सपाट भिंतीच्या मधोमध संपवू नका, तिथेच चीर पडते. टोकाला वेल्ड वळवून पूर्ण करा, तुटक सोडू नका.

चाकाची प्लेट ८ मिमी, तीन स्टड पुरतात. धागा गाडीच्या चाकाच्या नटांचाच, म्हणजे एकच पाना दोन्हीकडे. स्टडची लांबी अशी ठेवा की नट आवळल्यावर टायरची आतली बाजू खांबाला हलकी टेकेल. खांबावर प्लेटची भोकं दोन उंचींवर ठेवा, पुढे मोठा टायर आला तर खांब कापावा लागणार नाही.

आर्म अडवणारा थांबा ११० ते १२० अंशांवर ठेवा. घन ठोकळा वेगळा हवा. गॅस स्ट्रट लावलात तरी त्यालाच थांबा बनवू नका, दांडा वाकतो. जागेवर पकडायला १२ मिमीची स्प्रिंग पिन आणि भोक असलेली पट्टी सगळ्यात भरवशाची. उतारावर उभ्या गाडीत सुटा आर्म आपोआप फिरतो आणि मधे उभ्या माणसाला लागतो. स्पिंडल ओलंब्यात असला तरी हे होतंच, म्हणून पिन दोन्ही जागी हवी, उघडी आणि बंद. बिजागरी दाराच्याच बाजूला, उजवीकडे, नाहीतर दार उघडताना आर्म आडवा येईल.

जाडपत्रा

एक राहिलं. चाक आणि आर्म मिळून ५६ किलो मागच्या एक्सलपासून मीटरभर मागे जातंय. व्हीलबेस २४०० धरला तर मागच्या एक्सलवर साधारण ८० किलो वाढतात आणि पुढचा २३ किलोने हलका होतो. बंपरचं वजन वेगळं. स्प्रिंग आधीच बसकी असेल तर पाळणा बसवण्याआधी तिचं बघा. मागचा दिवा, नंबर प्लेट आणि कॅमेरा चाकामागे झाकले जातात का तेही आताच मोजा. प्लेट खांबावर नेलीत तर दिव्याची वायर बिजागरीपाशी लवचिक नळीत, सैल वळण ठेवून न्या. ताणून नेली की ती तिथेच तुटते.

रंग देण्याआधी आर्म उघडून चाक लावा, टोकाची जमिनीपासून उंची मोजा. मग टोकाला आणखी ४० किलो हळूच टांगा, पाच मिनिटांनी काढा, परत मोजा. उंची अर्ध्या मिमीपेक्षा जास्त उतरलेली असेल तर काहीतरी कायमचं वाकलंय. बंपरचे बोल्ट आणि स्पिंडलचा पाया आधी तपासा.