मदत हवी आहे: एमबीएच्या मुलांना 'वाचणारा कोण' याचा विचार करून लिहायला कसं शिकवावं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) बिझनेस कम्युनिकेशन शिकवते, एमबीए पहिलं वर्ष. वर्गात निफाड, चांदवड, येवला, सिन्नरकडची बरीच मुलं आहेत, अनेकांच्या घरी कांदा नाहीतर द्राक्षं. म्हणून पुस्तकातली काल्पनिक कंपनी बाजूला ठेवून इथलाच विषय दिला: कांदा वाळवून चकत्या आणि पावडर करणारं छोटं युनिट. त्याबद्दल तीन मजकूर लिहायचे. एक कर्जासाठी बँकेच्या शाखा व्यवस्थापकाला, दुसरा कांदा देणाऱ्या शेतकऱ्यांना, तिसरा पावडर घेऊ शकणाऱ्या मसाला कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला.

तिन्ही मजकूर जवळपास एकच आले. नावं आणि 'महोदय' तेवढे बदललेले. सुरुवात ठरलेली: 'लासलगाव ही आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाते.' हे लासलगावात माल नेणाऱ्या शेतकऱ्यालाही ऐकवलंय! एकाने तर शेतकऱ्यांना 'पुरवठा साखळीतील महत्त्वाचे भागधारक' म्हटलं. त्याचे वडील स्वतः विंचूरला ट्रॅक्टर घेऊन लिलावाला उभे असतात. म्हटलं, हे वडिलांना वाचून दाखवशील का? तर हसून म्हणाला, "मॅडम, ते म्हणतील मुद्द्याचं बोल."

म्हणजे समज आहे, पण कागद समोर आला की ती कुठे जाते कळत नाही.

वाचक कोण, त्याला काय ठाऊक आहे, काय हवंय, तो कशाला हरकत घेईल, हा नेहमीचा तक्ता भरून घेतला. मुलं इमानदारीत भरतात. 'वय ३५ ते ५५, पदवीधर, व्यस्त.' मग तक्ता बाजूला सारून पुन्हा तेच लासलगाव. तक्ता मार्कांपुरता उरतो.

इथे बँकेतले, शेतकरी कंपन्यांमधले, कारखान्यांतले लोक आहेत. असे कागद तुमच्या टेबलावर येतात तेव्हा आधी काय शोधता आणि कुठे कंटाळून बाजूला ठेवता? ते कळलं तर तक्त्याऐवजी मुलांपुढे तेच ठेवीन.

---

पासबुक

ताई, कर्ज विभागात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो.

मुलांना आधी हे सांगा की शाखा व्यवस्थापक हा शेवटचा वाचक नाही. त्याच्या अधिकारापलीकडचं कर्ज असलं की फाइल वर जाते. तिथला अधिकारी अर्जदाराला कधी भेटलेला नसतो. व्यवस्थापक जी नोट लिहितो, तीच त्याच्यापुढे. तेव्हा खरा प्रश्न असा की, मॅनेजरला तुमच्या कागदातून काय उचलून स्वतःच्या नोटमध्ये टाकता येईल? 'या प्रकल्पास उज्ज्वल भवितव्य आहे' हे कोणी उचलत नाही. 'पावडरीसाठी अमुक खरेदीदाराचं लेखी मागणीपत्र सोबत जोडलं आहे' हे लगेच उचलतो.

दुसरं, अनुदान. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये मिळतात, हे मुलं पहिल्याच पानावर नाचवतात. बँकवाल्याला ते पाठ असतं. ते पैसे हातात पडत नाहीत, बँकेत वेगळ्या खात्यात राहतात आणि खातं नीट चाललं तर तीन वर्षांनी कर्जात वळते होतात, हेही त्याला ठाऊक असतं. तो शोधतो तुमचे स्वतःचे पैसे किती (त्या योजनेत किमान १० टक्के लागतातच) आणि हप्ता कुठून येणार. महिन्यामहिन्याचा हिशेब द्या. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, कांदाचाळीत साठवून टिकवला तर दिवाळीच्या आसपासपर्यंत पुरतो. पुढे लाल कांदा येतो, तो टिकत नाही आणि वाळवायलाही फारसा बरा नाही. मग त्या महिन्यांत मशीन काय करणार? हे मॅनेजरने विचारायच्या आधी कागदात आलं, तर समजावं की वाचक कळला.

---

उन्हाळ कांदा

शेतकरी कंपनीच्या संचालक मंडळावर आहे. आमच्याकडे पीडीएफ कोणी उघडत नाही. व्हॉट्सअॅपवर चार ओळी, नाहीतर आवाजातला निरोप. आणि त्या चार ओळींत हे हवं: भाव कशावर ठरणार, पैसे कधी, गाडीभाडं आणि हमाली कोणाकडे, गोल्टी (बारीक कांदा) घेणार की नाही.

पाचवी गोष्ट कोणी लिहीत नाही, पण सगळ्यांच्या मनात असते. लिलावात एक भाव पुकारला आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर गाडी खाली करताना 'माल हलका निघाला' म्हणत भाव पाडला, हे इथल्या बहुतेकांनी भोगलंय. नवीन युनिटवाला आला की शेतकरी तेच मनात धरून ऐकतो. तेव्हा प्रतवारी कोण करणार, कुठे करणार, वांधा झाला तर काय, हे आधी सांगा. त्यानंतर बाकीचं वाचलं जाईल.

वर मुलं लिहितात 'मूल्यवर्धनातून उत्पन्नवाढ'. दहा किलोच्या आसपास कांदा वाळला की किलोभर चकत्या होतात, हे बाई माणसंसुद्धा सांगतील. ती वाढ कोणाच्या खिशात जाणार, एवढं सांगा.

---

शंकासुर

सगळं ठीक, पण याला तोंड पाहून बोलणं म्हणतात ना? बँकेला एक, शेतकऱ्याला एक. हेच एमबीएत शिकवायचं?

---

गोदाकाठची

शंकासुर, प्रश्न रास्त आहे, वर्गातही विचारतील. माझं म्हणणं असं: आकडे तिन्हीकडे तेच असले पाहिजेत. शेतकऱ्याला सांगितलेला खरेदीभाव बँकेच्या हिशेबात कमी दाखवला, तर ती सरळ फसवणूक. बदलतो तो क्रम, आणि काय खुलासा करायचा ते. मॅनेजरला गोल्टी म्हणजे काय ते सांगावं लागेल, शेतकऱ्याला नाही. आता मुलांना आधी आकड्यांचं एकच पान करायला लावणार आहे. तिन्ही मजकूर त्यातूनच निघाले पाहिजेत.

पासबुककाका, 'नोटमध्ये काय उचलता येईल' हे फार कामाचं. तक्त्याला सुट्टी. मुलांनी एकमेकांचे अर्ज वाचून मॅनेजर म्हणून पाच ओळींची नोट लिहायची. ज्याच्या अर्जातून पाच ओळी निघणार नाहीत, त्याला वेगळं काही सांगावंच लागणार नाही. आणि उन्हाळ कांदा दादा, शेतकऱ्यांचा मजकूर आता आवाजात रेकॉर्ड करून घेणार, घरच्या बोलीत. भागधारक आपोआप गळतील असं वाटतंय.

खरेदी विभागातलं कोणी आहे का इथे? तिसरा वाचक अजून अंधारातच आहे.

---

स्टोअरवाला

अंबड एमआयडीसीत मसाल्याच्या कारखान्यात आहे. ई-मेल मोबाइलवर उघडतो, स्क्रोल करत नाही. ओलावा किती टक्के, जाळी कोणती (म्हणजे पावडर किती बारीक), जंतुसंख्येचा लॅब रिपोर्ट, महिन्याला किती माल, नमुना कधी. शेतकऱ्यांचं कल्याण वगैरे शेवटी लिहा, किंवा नका लिहू. आणि पांढऱ्या कांद्याची पावडर गुजरातेत महुव्याहून येते, तुमची रंगाला तिच्यापुढे कशी, ते आधीच लिहा. मी तेच पहिल्यांदा विचारणार.